चुकामूक झाली तर

काळजी करायला काही उरलं नाही की मला त्याचीही काळजी वाटते, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. त्याचं काय जातंय. ज्या कामात मी अकरा वर्षं काढली, त्याला काळजीखोर बाईच लागते. आणि तरीही मेच्या त्या एका दिवशी माझी सगळी काळजी भलत्याच दिशेला धावत होती.

काम असं होतं. आमच्या शहरात रस्त्यावर, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर राहणाऱ्या माणसांसाठी सोयी नव्हत्या असं नाही. निवारे होते, सरकारी दवाखाना होता, रेशनचं ऑफिस होतं, पोलीस होते, संध्याकाळी खिचडी वाटणारी मंडळीही होती. पण याचं त्याला माहीत नसायचं. दवाखान्यातून बरा झालेला माणूस पुन्हा फुटपाथवर यायचा आणि इकडं निवाऱ्यात खाट रिकामी असायची. आमची छोटीशी संस्था या सगळ्यांच्या मध्ये उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगायची. माझं पद समन्वयकाचं. ऐकायला भारदस्त, पण दिवसभर फोन करायचे आणि लोकांच्या मागं लागायचं, एवढंच त्यात होतं. ही बाई लई डोकं खाते, असं एका साहेबांनी माझ्यामागं म्हटलेलं माझ्या कानावर आलं होतं. मला त्याचा थोडा अभिमानच वाटला.

ऑफिसात भिंतीवर पांढरा फळा होता. रस्त्यावर भेटलेल्या प्रत्येकाची त्यावर एक ओळ. डोक्यावर छप्पर आलं की त्या ओळीवर हिरवी रेघ मारायची. दर मंगळवारी सगळीकडची माणसं त्या फळ्यासमोर बसून चहा प्यायची आणि हिरव्या रेघा बघून जरा सुखावायची. मीसुद्धा सुखावायची, खोटं कशाला बोलू.

जालना रोडवरच्या उड्डाणपुलाखाली एक म्हातारं जोडपं राहायचं. आम्ही त्यांना आजी-बाबाच म्हणायचो. जन्मभर दोघं बिडकीनच्या अलीकडं एका शेतात सालगडी म्हणून राबलेली, शेतातल्याच खोपटात राहिलेली. मूलबाळ नाही. मालकानं शेत विकलं, पुंडलिकनगरला बंगला घेतला आणि यांना म्हणाला, या माझ्यामागं, बघू काहीतरी. ही आपली त्याच्यामागं आली. काही महिने बंगल्याच्या पार्किंगमध्ये राहिली. मग मालक पोराकडं पुण्याला गेला, बंगल्यात भाडेकरू आले, आणि पार्किंगमध्ये भाडेकरूची गाडी लागायला लागली. दोघं पुलाखाली आली.

बाबांना ऐकायला कमी यायचं आणि अलीकडं विसरायलाही फार व्हायचं. आज वार कोणता, जेवलो की नाही, काही सांगता यायचं नाही. जुनं मात्र सगळं लख्ख. कोणत्या विहिरीला कोणत्या साली पाणी लागलं ते विचारा. अंगानं उंच, धोतर, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, आणि आजी सांगतील तसं वागणारे. आजी उठा म्हणाल्या की उठायचे, बसा म्हणाल्या की बसायचे. बोलायचं सगळं आजींनी.

त्या उन्हाळ्यात पुलाखाली दोघांनाही धाप लागायला लागली. मी हट्टाला पेटले. या दोघांना आत नेल्याशिवाय चैन पडायचं नाही, असं मनाशी धरलं आणि आठवडाभर सगळ्यांची डोकी खाल्ली. दोन खाटा मिळाल्या. एक सिडकोकडच्या बायकांच्या निवाऱ्यात, एक स्टेशनकडच्या पुरुषांच्या निवाऱ्यात. नवरा-बायको एकत्र राहतील अशी सोय तेव्हा कुठंच नव्हती. मला ते खटकलं नाही असं नाही, पण मिळालेली खाट सोडायची नाही, हा माझा नियम. आधी छप्पर, मग बाकीचं.

आजी म्हणाल्या होत्या, "ह्यांला माझ्याबिगर कायबी समजत नाय, ताई." मी म्हटलं, तिथं माणसं आहेत, सगळं बघतात. रोज दुपारी तुमची भेट घालून देऊ, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, काहीतरी बघते मी. बघू काहीतरी, हे त्यांनी आधीही एकदा ऐकलेलं होतं, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

दोन रिक्षा आल्या. बाबांना बसवल्यावर आजी आत वाकल्या, त्यांचा कान धरल्यासारखा जवळ घेतला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. बाबा मान हलवत होते. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी म्हटलं, चला आजी, ऊन वाढतंय. काय सांगितलंत, असं विचारायला मला सवड नव्हती. ऑफिसात गेले आणि फळ्यावर दोन ओळींवर दोन हिरव्या रेघा मारल्या. सगळ्यांनी फोनवरच्या ग्रुपमध्ये टाळ्या पाठवल्या.

पहिल्या दिवशी भेट जमली नाही, रिक्षा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी माझी बैठक होती. तिसऱ्या दिवशी काय वाट्टेल ते झालं तरी बाबांना आजींकडं न्यायचं, असं मी कबूल केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मी पोळ्या लाटत असताना पुरुषांच्या निवाऱ्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. भला माणूस, पण आवाज बसलेला. बाबा खाटेवर नव्हते. पहाटे दार उघडल्यावर बाहेर पडले असावेत. सगळ्यांना वाटलं, नळावर गेलेत. पिशवी खाटेखाली तशीच होती.

 पोळी तव्यावर तशीच राहिली. गॅस नवऱ्यानं बंद केला असावा. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीतून मी गाडी काढली ती एका हातानं फोन कानाला लावूनच. कुणी बघितलं असतं तर दंड झाला असता. पहिला फोन बायकांचा निवारा सांभाळणाऱ्या ताईंना. आणि पहिलं वाक्य काय? "आजींना काही सांगू नका."

ताई लगेच म्हणाल्या, छे छे, सांगायचं कशाला, बिचारी जिवाला लावून घेईल. मग ग्रुपवर निरोप टाकला तेव्हा दवाखान्यातल्या समाजसेविकेनं तेच लिहिलं, पोलीस चौकीतल्या हवालदारांनी तेच लिहिलं, व्यवस्थापकांनीही तेच. बाबा सापडल्यावर सांगू. एका रेशनकार्डावर आमच्यात तीन-तीन बैठका व्हायच्या, पण या एका गोष्टीवर सगळ्या खात्यांचं क्षणात एकमत झालं. तशी एकवाक्यता ना आधी कधी झाली, ना नंतर.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आम्ही सगळे त्याच घरांतून आलेलो. आमच्याकडं बाईला वाईट बातमी सगळ्यात शेवटी कळते. माझ्या वडिलांना दवाखान्यात हलवलं तेव्हा आईला दोन दिवस सांगितलं होतं की ते लग्नाला गेलेत. ही माया असते, अशीच आमची समजूत.

मग शोध सुरू झाला. आधी पूल. तिथं एक चूल आणि दोन विटा, बाकी कुणी नाही. स्टेशन, स्टेशनचे सगळे फलाट. मध्यवर्ती बसस्थानक, पैठणकडं जाणाऱ्या गाड्या जिथं लागतात तिथं मी प्रत्येक गाडीत चढून पाहिलं. कंडक्टर वैतागले. दवाखान्यात समाजसेविका वॉर्डावॉर्डातून फिरली, आणि मी न सांगताच जिथं जायचं नाव आपण घेत नाही तिथंही जाऊन आली. तिनं नुसतं 'नाहीत' एवढंच लिहिलं. मला कळलं ती कुठून लिहितेय.  शहागंजात फळवाल्यांना विचारलं, क्रांती चौकात वाहतूक पोलिसांना विचारलं. उंच म्हातारा, धोतर, टॉवेल. प्रत्येकानं असा म्हातारा पाहिला होता. उंच, धोतरातले, टॉवेल गुंडाळलेले म्हातारे आमच्या शहरात काही कमी आहेत?

अकरा वाजता ऊन डोक्यावर आलं. बारानंतर रस्त्यावर माणूस दिसेना. डांबर पायाला चिकटत होतं. या उन्हात ते पाण्याविना कुठंतरी असतील, कुणाकडं पाणी मागायचंही त्यांना सुचणार नाही, एवढंच डोक्यात. स्वतःचा इतका राग आला होता की एका बिचाऱ्या रिक्षावाल्यावर उगाच खेकसले. खाट मिळाली, खाट मिळाली म्हणून नाचले आणि माणूस हरवून बसले.

दीडच्या सुमारास बायकांच्या निवाऱ्यातल्या ताईंचा फोन. आजी जेवत नाहीयेत. सकाळपासून दाराशी बसल्यात. आपल्या ताटातलं अर्धं डब्यात काढून ठेवलंय, म्हणतात, ह्ये आल्यावर जेवते. काय सांगू? मी म्हटलं, सांगा, रिक्षा बिघडलीय. एक खोटं टिकवायला दुसरं लागतंच, आणि ते माझ्या तोंडून किती सहज निघालं याचीच मला नंतर भीती वाटली.

तेवढ्यात हवालदारांनी विचारलं, मॅडम, अंगावर काही खूण आहे का? तीळ, जखम, गोंदण? सगळीकडं कळवायचं तर काहीतरी पाहिजे. माझ्याकडं खूण नव्हती. फोटो होता तो अंधुक. आठवडाभर त्या माणसासाठी धडपडले, आणि त्याच्या अंगावरची एक खूण मला माहीत नव्हती. ते माहीत असणारं माणूस शहरात एकच होतं.

मी बायकांच्या निवाऱ्यात गेले. जाताना वाटेत वाक्य जुळवलं. चेहरा नीट केला. आजी दाराशीच होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. मी शेजारी बसले आणि अगदी सहज आवाजात म्हटलं, आजी, एक फॉर्म भरायचाय, बाबांच्या अंगावर काही खूण आहे का हो?

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या धुळीनं माखलेल्या पायांकडं बघितलं.

"हरवलं व्हय?"

 माझी मान हलली असावी.

"कवापसनं?"

"सकाळपासून, आजी."

मी तयारीत होते. रडतील, छाती पिटतील, भोवळ येईल. ताईंनी पाण्याचा तांब्यासुद्धा आणून ठेवला होता. आजींनी त्या तांब्यातलं पाणी एका बाटलीत ओतून घेतलं, डबा पदरात धरला, आणि चपला शोधायला लागल्या. "चला," म्हणाल्या.

कुठं, मी विचारलं.

कुठं म्हणजे? चुकामूक झाली तर कुठं बसायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. तरुणपणी पैठणच्या जत्रेत एकदा दिवसभर चुकामूक झाली, तेव्हापासूनचा त्यांचा रिवाज. जिथं जातील तिथं आधी एक जागा ठरवायची. शहरात आल्यावरही ठरवली होती. पुलाखाली नाही, तिथनं पोलीस उठवतात. मालकाच्या बंगल्यासमोर पिठाची गिरणी आहे, बंद पडलेली, तिच्या पायरीवर. तिथनं कुणी उठवत नाही. रिक्षात बसवताना त्यांनी बाबांना तेच पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. दोन दिवस मी आले नाय तर तिथं जाऊन बसा. म्या येते. तवर हलायचं नाय.

ती गिरणी माझ्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडं होती.

आजींना मी गाडीवर मागं बसवलं. जन्मात दुचाकीवर बसलेल्या नव्हत्या, पण त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. माझा खांदा मात्र असा धरला की त्याचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते. सिडकोपासून पुंडलिकनगरपर्यंत मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अर्धं त्यात आर्जव होतं, अर्धी भांडणं.

बाबा पायरीवर होते.

सकाळी त्या पायरीवर सावली असते. दुपारी समोरून ऊन येतं आणि शटर तापून हात लावू देत नाही. चार हातांवर लिंबाची दाट सावली होती. ते तिथं गेले नव्हते. हलायचं नाय, असं सांगितलेलं होतं. शटरला डोकं टेकून, डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी गाडी स्टँडला लावायची विसरले. ती आडवी पडली, आवाज झाला, तरी त्यांची पापणी हलली नाही. 

आजी पुढं गेल्या. त्यांनी बाबांच्या गालाला हात लावला आणि कानाशी वाकल्या. काय बोलल्या ते या वेळीही मला ऐकू आलं नाही. खूप वेळानं, निदान मला तरी खूप वेळानं, बाबांनी डोळे उघडले.

"लई उशीर केलास," ते म्हणाले.

मी तिथंच बसले. रस्त्यावर, भर उन्हात, शेजारच्या गॅलरीतून बाया बघत असताना रडले. आजींनी त्यांना आधी सावलीत ओढलं, मग पदर ओला करून तोंड पुसलं, मग थोडं थोडं पाणी दिलं. बाबांना बोलायचं होतं. माझ्याकडं बोट करून ते आजींना म्हणाले, ह्या बाई सकाळी हितनं गेल्या गाडीवर. म्या हात केला. कानाला फोन व्हता त्यांच्या.

खरं होतं. मी रोज त्याच रस्त्यानं जाते.

आजी माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाबांच्या डोक्याचा टॉवेल सोडून पिळत होत्या. माझ्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी मला इचारलं असतं, तर सावली होती तवाच घिऊन आले असते."

 निवारे, दवाखाना, चौकी, सगळ्यांशी मी बोलले होते. सहा तास बोलतच होते. एका बाईला तेवढं विचारलं नव्हतं, आणि तेही तिच्यावरच्या मायेपोटी. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. हे लिहितानाही आहे.

बाबांना उन्हाचा चांगलाच तडाखा बसला होता. दवाखान्यात सलाइनवर ठेवावं लागलं. पहिले दोन दिवस डॉक्टर काही खात्रीचं बोलत नव्हते. मी रोज जायची आणि व्हरांड्यातूनच समाजसेविकेला विचारायची, कारण आजींसमोर जायला तोंड नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजींनीच हाक मारली. बाबांनी वार विचारला होता, आणि त्या म्हणाल्या, मला बी ठाऊक नाय, तुमी सांगा. सोमवार, मी म्हटलं. मग धीर करून विचारलं, जे मी आधीच विचारायला हवं होतं. आजी, आता तुम्हीच सांगा, काय करू?

त्या म्हणाल्या, दोघाला एक जागा बगा. पत्र्याची असली तरी चालंल. नसली तर पूल बरा.

ऑफिसात जाऊन मी फळ्यावरच्या त्या दोन हिरव्या रेघा पुसल्या. दोन ओळी पुसून एक ओळ केली. मंगळवारी सगळे फळ्यासमोर बसले. मग हवालदारच म्हणाले, चूक आपली सगळ्यांची आहे मॅडम, आता जागा बघू. या वेळी त्या 'बघू'चा मी पिच्छा सोडला नाही.

जागा मिळाली ती चिकलठाण्याला, जुन्या कारखान्यांच्या भागात. एका बंद युनिटच्या आवारात राखणदाराची खोली होती, नळ होता, आणि राखायला कुणी तरी हवंच होतं. कागदावर राखणदार बाबा. खरी राखण आजींची, हे कारखान्याच्या मालकालाही ठाऊक होतं, आणि त्याची त्याला हरकत नव्हती. दवाखान्यातून सुटल्यावर मधले दिवस दोघं आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत राहिली. नियमात बसत नव्हतं. नियमाला मी सांगितलंच नाही.

सामान ते काय, दोन पिशव्या. खोली झाडून झाली, चूल मांडून झाली. मी निघाले तर आजी म्हणाल्या, थांबा जरा. त्यांनी बाबांचा हात धरला आणि फाटकाबाहेर नेलं. तिथं रस्त्याच्या कडेला मोठं लिंबाचं झाड आहे, खाली एक सपाट दगड. बाबांना त्या दगडावर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. मग कानाशी वाकून सांगायला लागल्या. मी लांबच उभी होते. नवरा-बायकोचं बोलणं, आपण कशाला मध्ये, म्हणून तोंड फिरवलं.

"तुमी बी या की हिकडं," आजी मला म्हणाल्या. "बगून ठिवा. सकाळपसनं सांजपतोर सावली ऱ्हाती हितं."

मी गेले. दगडावर बाबांच्या शेजारी बसले आणि जागा नीट बघून ठेवली. अजूनही जालना रोडनं चिकलठाण्याकडं गेले की खोलीवर जायच्या आधी मी त्या झाडाखाली बघते. दगड रिकामा दिसला की मगच गाडी पुढं घेते.